वैनीनं विचारलेले प्रश्न

"ह्या भाकरी कुणी लपवल्या? बोला की… का समद्यांच्या जिभा गळाल्या?"

कस्तुराआत्यानं गोधड्यांच्या संदुकीतून काढलेलं गाठोडं मधल्या घरात फरशीवर उलटं केलं, आणि त्यातून वाळून पापडासारख्या झालेल्या भाकरी, अर्धी-अर्धी धपाटी आणि मुंग्या लागलेले रव्याचे दोन लाडू घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेले. काही भाकरींवर हिरवी बुरशी चढली होती. सन शहाऐंशीचा मे महिना! लातूरच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर येत होता, गावाबाहेर बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, आणि गुरुपादप्पाच्या भरल्या घरात कुणीतरी अन्न असं कुजवत ठेवलं होतं!

गुरुपादप्पा दुकानातून नुकताच जेवायला आला होता. त्याच्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांमध्ये आठ्या उमटल्या.

"दुसरं कोन असंल?" त्याची आत्या म्हणाली. "बिलोलीकडं धाडायच्या असतील चोरून. हिच्या भावाचं घर उपाशी हाय न्हवं!"

गुरुपादप्पाची बायको उमादेवी चुलीपाशी तशीच उभी राहिली. तिनं काही बोलायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी तिची नजर दारातल्या शिवगंगेवर गेली. एकोणीस वर्षांची तिची नणंद… नणंद कसली, चार वर्षांची असताना आई गेली तेव्हापासून उमादेवीच्याच मांडीवर वाढलेली पोर! गळ्यातल्या इष्टलिंगावर मूठ घट्ट आवळून, ओठ पांढरेफटक करून ती उभी होती आणि तिचे डोळे वैनीची नुसती करुणा भाकत होते.

एका निमिषात उमादेवीला सगळं उमगलं. भर उन्हाळ्यात घातलेलं लांब बाह्यांचं पोलकं, "जेवले की मी मघाच" म्हणत रिकामं केलेलं ताट, जेवण होताच परसाकडे जाणं आणि डोळे लाल करून परत येणं… सुट्टीला आल्यापासून तिच्या काळजात जे कुसळासारखं सलत होतं, त्याचा उलगडा आता जमिनीवर विखुरला होता!

"मी ठेवल्यात," उमादेवी म्हणाली.

मग गुरुपादप्पा दबक्या आवाजात म्हणाला, "मागितलं असतंस तर पोतंभर जवारी धाडली असती मी. चोरी कामून केलीस?"

हा 'चोरी' शब्द… सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला कधी साधं अगं-तुगंही चढ्या आवाजात केलं नव्हतं! तिनं खाली बसून एकेक भाकर पदरात गोळा केली. मान वर केली नाही. त्याच संध्याकाळी कोठीच्या चाव्या तिच्या कमरेवरून आत्याच्या कमरेला गेल्या.

दुसऱ्या दिवशी परसात, धुण्याच्या दगडापाशी शिवगंगा तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

"मला खाववत न्हाई गं वैनी! ताट म्होरं आलं की त्या पाव्हनीचं हासनं ऐकू येतंय."

कोणतं हसणं, हे उमादेवीला विचारावं लागलं नाही. लातूरचा जिल्हा झाल्यापासून मोठमोठ्या घरची स्थळं येऊ लागली होती. गेल्या दिवाळीनंतर सोलापूरहून असंच एक स्थळ आलं होतं. शिवगंगा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, आणि मुलाची मावशी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली होती, "लातूरकडं दुष्काळ हाय म्हनतेत, पोरीकडं बघून तर वाटंना!" बैठक खदखदून हसली. पाहुण्यांचं मन राखायला गुरुपादप्पाही हसला. शिवगंगेनं बशा ठेवल्या, नमस्कार केला, आत आली… आणि त्या दिवसापासून तिनं स्वतःच्या देहाशी वैर धरलं.

"दादाला सांगू या गं," उमादेवी म्हणाली. "डाक्टरला दाखवू."

"न्हाई! लोक खडी फोडून भाकर मिळवून राहिलेत अन् मी अन्न फेकून राहिले… ह्ये ऐकून दादा माझं तोंड तरी बगंल का? वैनी, तुला माझ्या लिंगाची आन हाय! कुनाला सांगितलंस तर मला मेलेली बगशील!"

उमादेवीनं डोळे मिटले. तिच्या ओठांवर आलेला शब्द त्या शपथेनं तिथेच थिजला.

जूनमध्ये शिवगंगा नांदेडला कॉलेजात परत गेली. आत्याचा विरोध असताना तिला तिकडे शिकायला धाडण्याचा हट्टही उमादेवीचाच होता, त्यामुळे आता पोर वाळत चालल्याचा दोषही तिच्याच माथी आला. "वैनीनं खाऊ घातलं न्हाई, हास्टेलनं काय घालावं!" आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. उमादेवी ऐकून घेई. पण एक घाव मात्र तिला सोसवला नाही. आषाढात तिचा धाकटा भाऊ माणिकप्पा तिला भेटायला म्हणून आला. पायरीवर चपला काढत होता, इतक्यात आत्यानं दारातच विचारलं, "काय, भाकरी न्यायला आलास?" माणिकप्पानं एकदा बहिणीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्याला वाटलं, आपण हात पसरायला येतो असं बहिणीलाही वाटत असावं… निदान बहिणीला आपलं येणं नकोसं झालं असावं! तो पाण्याचा घोटही न घेता पायात चपला सरकवून चालता झाला, आणि गल्लीच्या वळणावर त्याचं पागोटं दिसेनासं होईपर्यंत उमादेवी खांबाला धरून उभी राहिली. एक शब्द बोलली असती तर भाऊ थांबला असता! पण तो शब्द शिवगंगेचा होता.

श्रावणात शिवगंगेचं पत्र आलं. 'वैनी, आमच्या कॉलेजात केंद्रेबाईंनी सगळ्या मुलींकडून खाण्यापिण्याबद्दल प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. ज्यांना काही आजार असेल त्या सापडतात म्हणे. मी सापडले नाही. आता तरी काळजी सोड.'

उमादेवीनं ते पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तिला आनंद झाला, दुसऱ्यांदा शंका आली, आणि तिसऱ्यांदा वाचताना अक्षरांकडे लक्ष गेलं. मोत्यासारखं अक्षर असणाऱ्या पोरीच्या ओळी थरथरत खाली उतरल्या होत्या… गणपतीच्या सुट्टीत शिवगंगा आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या आणि फणीत केसांचे पुंजके येत होते. परत जाताना ती वैनीच्या पाया पडायला वाकली, आणि उठताना भिंतीचा आधार घेतला.

त्या आधारानं उमादेवीचा निश्चय झाला.

चार दिवसांनी माहेरी जाते म्हणून ती एस.टी.त बसली ती नांदेडला उतरली. ऑटोवाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं. मानसशास्त्राच्या प्राध्यापिका तारामती केंद्रे व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत कागदांच्या ढिगाऱ्याआड बसल्या होत्या. जाड चष्मा, सुती साडी, बोलणं मात्र घरच्यासारखं.

"बाई," उमादेवी दारातूनच म्हणाली, "माझ्या पोरीनं मला लिंगाची आन घातलीय. मी ती आज मोडून राहिलेय. काय पाप लागायचं ते मला लागू द्या… पन पोर वाचवा!"

आणि मग चार महिने गिळलेलं सगळं तिनं सांगितलं. भाकरीचं गाठोडं, परसाकडचं जाणं, लाल डोळे, पाव्हणीचं हसणं. केंद्रेबाई ऐकता ऐकता चष्मा काढून बसल्या.

"शिवगंगा? अहो, तिच्या कागदात तर मला काहीच सापडलं नाही!" त्यांनी ढिगातून प्रश्नांचा एक न भरलेला कागद ओढला. "हे प्रश्न मूळचे परदेशातले. मी त्यांचं मराठी केलं. पण श्रावणात भरून घेतले ही माझी पहिली चूक. 'भूक लागली असतानाही मी अन्नसेवन टाळते' याला निम्म्या मुलींनी 'नेहमी' लिहिलं. कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार! आणि बिलोलीकडच्या चार मुलींना मी आजारी समजून बोलावलं, तर त्या म्हणाल्या, बाई, घरी दोन वेळचं नसतंच, सवय झालीय…" त्यांनी कागद उमादेवीपुढे सरकवला. "ज्या निरोगी होत्या त्यांना मी आजारी ठरवलं, आणि जी खरी बुडत होती तिला सोडून दिलं."

उमादेवीनं तो कागद वाचायचा प्रयत्न केला. तिची शाळा चौथीपर्यंतची. एक ओळ तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचली, "अन्न… सेवना… नंतर माझ्या मनात अपराधभाव निर्माण होतो." तिनं मान वर केली. "बाई, रागावू नका. असं इचारलं तर कोन सांगंल? ह्ये कोर्टातल्यावानी वाटतंय."

"मग तुम्ही कसं विचाराल?"

उमादेवी गोंधळली. पण विचारणाऱ्या बाईच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत ती हळूहळू बोलू लागली.

"मी म्हनीन… पंगतीत बसायचं टाळायला काय काय कारनं सांगतीस गं? ताटातलं कुनाला न दिसता कुठं घालतीस? जेवल्यावर लगीच कुठं जातीस? आरशाम्होरं हुभं ऱ्हायलं की तुला कुनाचं बोलनं आठवतंय?" आणि ओल्या आवाजात, "अन् शेवटी इचारीन, ह्ये सांगायला तुला कुनाची भीती वाटती?"

केंद्रेबाईंनी पेन उचललं होतं. त्या एकेक वाक्य जसंच्या तसं उतरवून घेत होत्या.

बाईंनी बोलावणं धाडलं तशी शिपायाबरोबर शिवगंगा आली आणि वैनीला पाहून दारातच थबकली. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, वैनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सगळं समजली.

"सांगितलंस!" ती किंचाळली. "लिंगाची आन घातली होती मी तुला! मी मेले तरी तुला काय! सख्खी आई असती तर तिनं मोडली नसती!"

तो घाव वर्मी बसला. उमादेवीला मूल नव्हतं, आणि 'आई' या शब्दाची तिची सारी तहान याच पोरीनं भागवली होती… तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण आवाज मात्र आश्चर्य वाटावं इतका शांत होता.

"सख्खी असती तर कवाच मोडली असती गं, गंगा. मी सख्खी न्हाई म्हनून मला भ्या वाटलं. मीच लई दिवस लावले."

शिवगंगा पाठ फिरवून तरातरा निघाली. व्हरांड्यात दहा पावलंही गेली नसतील, तिच्या पायांतलं त्राण गेलं आणि ती खांबापाशी कोसळली. उमादेवीनं धावत जाऊन तिला उचललं. दहा वर्षांची असताना ही पोर कडेवर घ्यायला जड जायची. आज ती जड नव्हती!

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि लगेच नर्सला हाक मारली. हृदयाचे ठोके फार मंद झाले होते, रक्तातले क्षार घटले होते. "आणखी दोन आठवडे गेले असते तर आमच्या हातात काही राहिलं नसतं," ते म्हणाले. दुकानात फोन गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुपादप्पा कस्तुराआत्याला घेऊन धापा टाकत वॉर्डात आला.

पलंगावरची बहीण पाहून तो दारातच भिंतीला टेकला. आत्यानं मात्र उशाशी बसलेल्या उमादेवीकडे बोट रोखलं.

"भावाच्या घरी भाकरी धाडल्या अन् माझ्या पोरीला उपाशी मारलीस! चांडाळनी, आता पोट भरलं का तुझं?"

उमादेवीनं शिवगंगेच्या कपाळावरचा हात काढला नाही, की उत्तरही दिलं नाही. आन एकदा मोडली होती, ती पोरीच्या जिवासाठी. स्वतःच्या अब्रूसाठी ती मोडायची नव्हती!

"आत्या, गप!"

आवाज इतका क्षीण होता की आधी कुणाला कळलंच नाही तो कुठून आला. शिवगंगेनं कोपरावर उठायचा प्रयत्न केला.

"त्या भाकरी माझ्या होत्या. वैनीनं रांधलेल्या, वैनीनं वाढलेल्या, अन् मी लपवलेल्या. तिनं माझा गुन्हा आपल्या पदरात घेतला… तुम्ही तिला चोर म्हनलात, तिच्या भावाला दारातून परत लावलंत म्हनं, तरी ती बोलली न्हाई. कारन मी तिला आन घातली होती!" तिला धाप लागली. मग ती भावाकडे वळली. "दादा, ती सोलापूरची बाई हासली त्याचं मला कायबी न्हाई. पन तूबी हासला होतास…"

गुरुपादप्पाला ते हसणं आठवतही नव्हतं, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. घरातल्या पोरीचं काळीज चिरून गेलेली गोष्ट, आणि आपल्या ध्यानीमनीही नसावी! तो पलंगाच्या पायथ्याशी खाली बसला आणि लहान मुलासारखा ओंजळीत तोंड लपवून रडला.

डोळे पुसून त्यानं बायकोकडे पाहिलं. "तू कामून बोलली न्हाईस गं? एक शबुद बोलायचा हुतास मला."

"तुमी इचारलं असतं तर सांगता आलं असतं का, मला ठाव न्हाई," उमादेवी म्हणाली. "पन तुमी इचारलंच न्हाई. चोरी कामून केलीस, इतकंच इचारलंत."

तो उठला, आणि कुणाला काही न सांगता दुपारच्या गाडीनं बिलोलीकडे गेला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्यासोबत माणिकप्पा होता. मेहुण्यानं दारात उभं राहून हात जोडल्याचं माणिकप्पानं बहिणीला सांगितलं नाही. तो नुसता तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "उमाक्का, मी तवा थांबाया पायजे हुतं. तुझ्या तोंडाकडं बगून मला कळाया पायजे हुतं." आत्या कोपऱ्यात बसून होती. तिनं कमरेच्या चाव्या सोडून गपचूप उमादेवीच्या पिशवीवर ठेवल्या. तोंडानं माफी मागणं तिला जन्मात जमलं नव्हतं, ते त्या दिवशीही जमलं नाही.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी शिवगंगेला लातूरला न्यायला मनाई केली. नांदेडातच, वजिराबादेत एक खोली घेतली आणि उमादेवी तिच्यासोबत राहिली. ते दिवस काही गोडीगुलाबीचे नव्हते! दर तीन तासांनी थोडं थोडं खायचं, आणि प्रत्येक वेळी नवं युद्ध. कधी मऊ खिचडीचे चार घास तासभर चालत, कधी शिवगंगा भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि एकदा तर तिनं ताट भिरकावलं. उमादेवीनं भिंतीवरचं वरण पुसलं, दुसरं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. "तू खा न खा, मी उठायची न्हाई," एवढंच म्हणाली. आठवड्यातून दोनदा केंद्रेबाई येत. त्या शिवगंगेशी दार लावून बोलत, आणि बाहेर पडताना कधी पोरीचे डोळे सुजलेले असत, कधी बाईंचे. दिवाळी गेली, संक्रांत आली. शिवगंगेच्या गालांवर हळूहळू रंग दिसू लागला, आणि एक दिवस तिनं आपणहून हुरडा मागितला तेव्हा उमादेवीनं स्टोव्हपाशी तोंड फिरवून पदरात रडून घेतलं.

केंद्रेबाईंनी मधल्या काळात नवा कागद तयार केला होता. त्यात उमादेवीचे प्रश्न होते, तिच्याच बोलीत. तो कॉलेजात वाटण्याआधी कुणावर तरी घेऊन पाहायला हवा, म्हणून एका रविवारी दुपारी त्यांनी तो शिवगंगेकडे दिला. जेवणं नुकतीच उरकली होती. शिवगंगेनं पेन्सिल घेतली.

"वैनी, बस हितं. मी इचारते, तू सांग."

"मला काय इचारतीस? मी काय कॉलेजातली हाय का?"

"प्रश्न कळतेत का, इतकंच बगायचंय. बस की!"

उमादेवी हसत भिंतीला टेकून बसली. शिवगंगेनं वाचायला सुरुवात केली.

"पंगतीत बसायचं टाळायला काय कारन सांगतीस?"

"कारन कशाला सांगाया पायजे? मी कवा पंगतीत बसलेच न्हाई. वाढायला कुनी तरी लागतंय न्हवं?"

शिवगंगा हसली. कागदावर खूण केली.

"भूक लागली अन् खाल्लं न्हाई, असं कवा होतंय?"

"रोजच की! समद्यांचं झाल्याबगर कसं खावं?"

"पोट भरलं नसताना भरलंय म्हनून सांगतीस का?"

"भाजी सरलेली असली तर सांगावंच लागतंय," उमादेवी सहज म्हणाली. "न्हाई तर मान्सांच्या जिवाला लागून ऱ्हातंय."

शिवगंगेची पेन्सिल मंदावली. तिनं चौथा प्रश्न विचारला, पाचवा विचारला. प्रत्येक उत्तर त्याच हसऱ्या, सरळ सुरात येत होतं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर कागदावरच्या खुणा उजवीकडच्या, धोक्याच्या रकान्यात साचत होत्या. तिला पुढचे प्रश्न दिसेनासे झाले. मग तिनं कागद बाजूला ठेवला आणि त्यावर नसलेलाच एक प्रश्न विचारला.

"वैनी, कुनी ताट वाढून दिलेलं तू शेवटचं कवा जेवलीस?"

उमादेवी बोलायला गेली आणि थांबली. तिनं आठवून पाहिलं. सणवार आठवले, लग्नकार्यं आठवली, दुखण्याखुपण्याचे दिवस आठवले… "माहेरी," ती अखेर पुटपुटली. "लगनाच्या आदल्या दिशी. अव्वानं वाढलं हुतं."

"आज काय खाल्लंस?"

"खाईन की आता. खिचडीची खरवड हाय, ताक हाय…"

"सतरा वर्सं!" शिवगंगा म्हणाली. "सतरा वर्सं तू आमची ताटं बगत बसलीस गं… अन् आमी कुनी तुझ्या ताटाकडं बगितलंच न्हाई! मी खात न्हाई म्हनून समदं घर रडलं, डाक्टर आले, बाई आल्या. तुझ्यासाठी कोन आलं?"

"खुळी हाय का तू? माझं न्यारं हाय. मला काय झालंय?"

"उठू नको!"

उमादेवी उठायला लागली होती ती त्या आवाजानं पुन्हा खाली बसली. शिवगंगेनं डोळे पुसले, स्टोव्ह पेटवला, पीठ मळायला घेतलं. तिला भाकरी थापायची सवय नव्हती. पहिली भाकर तव्यावर टाकताना फाटली, दुसरी एका बाजूनं जाड झाली. दोन वेळा उमादेवीचे हात आपोआप पुढे गेले आणि दोन्ही वेळा शिवगंगेनं ते मागे सारले. मग तिनं पाट मांडला, ताट ठेवलं, त्यात गरम भाकर, पिठलं, कांदा, मिठाची चिमूट वाढली, पाण्याचा तांब्या भरला आणि वैनीचा हात धरून तिला पाटावर बसवलं.

भरल्या ताटासमोर बसल्यावर उमादेवीला काय करावं तेच कळेना. तिनं पदर सावरला, तांब्या उगीच सरकवला, इकडेतिकडे पाहिलं. जणू कुणी तरी येऊन 'हे तुझं नव्हे' म्हणेल!

"मला असं एकटीला न्हाई गं जेवता यायचं," ती अवघडून म्हणाली.

शिवगंगेचं जेवण मघाशीच झालं होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं माप पुरं झालं होतं, आणि पुढच्या तीन तासांत तिनं एक घासही खायला हवा असं कुणाचं म्हणणं नव्हतं.

तिनं दुसरं ताट घेतलं, तव्यावरची जाड भाकर त्यात घातली आणि वैनीसमोर मांडी घालून बसली.

"बरं, मग मीबी बसते," ती म्हणाली. "तू सुरू कर. मला भूक लागलीय."